तिसऱ्यातला तिसरा हिस्सा

आमचा दादा, म्हणजे भिमाजी सर, नाशकात अपूर्णांकांसाठी प्रसिद्ध होता. कोणी चिवड्यासाठी प्रसिद्ध असतं, कोणी कीर्तनासाठी, हा अपूर्णांकांसाठी. एका हायस्कुलात तो गणित शिकवायचा आणि सकाळ-संध्याकाळ पंचवटीतल्या घरी पुढच्या खोलीत शिकवण्या घ्यायचा. दाराला पाटी लावली होती: 'अपूर्णांकांची भीती घालवून मिळेल'. भूत उतरवणाऱ्यानं लावावी तशी. आपल्या हाताखालून गेलेला एकही पोरगा अपूर्णांकात अडला नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा आणि समोरचा पाणी प्यायला उठेपर्यंत सांगत राहायचा. मग तो पाणी पिऊन आला की पुन्हा.

मी त्याची धाकटी बहीण लंका. माझी शाळा तिसरीतच सुटली. 'तुला कोणी काढली नाही, तू आपोआप सुटलीस,' असं दादा म्हणतो. शाळा म्हणजे काय दात आहे आपोआप पडायला? नांदगावकडच्या आमच्या गावात त्या साली वडिलांनी विहीर खणायला काढली होती. वडील खाली खणायचे, मी आणि धाकटा भाऊ बहिरू वर आलेल्या मुरमाच्या पाट्या डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायचो. दादा तेव्हा नाशकात बोर्डिंगात राहून शिकत होता. विहिरीला पाणी लागलं, त्या पाण्यावर कांदा आला आणि त्या कांद्यावर दादा बी.एस्सी. झाला. त्यानं मात्र ते सगळं आपल्या डोक्याच्या जोरावर केलं असं ठरवून टाकलंय. जोर डोक्याचाच होता, पण कोणाच्या डोक्याचा ते त्यानं कधी पाहिलं नाही.

वडील गेले ते जनता राजवटीच्या पहिल्या थंडीत. आई त्याच्या कितीतरी आधी गेलेली. वर्षश्राद्ध उरकलं आणि पुढच्याच रविवारी दादा आमच्या सातपूरच्या खोलीवर हजर झाला. एरवी तो सातपूरला यायचा नाही. इथे कारखान्यांचा धूर असतो, कामगारांची वस्ती, त्याच्या कपड्यांना वास लागतो. त्या दिवशी मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन आला. पुडा बघूनच मी ओळखलं की ह्याला काहीतरी न्यायचंय.

न्यायची होती माझी सही. गावची नऊ एकर जमीन वडिलांच्या नावावर होती. दादाला त्याच्या वाटची अर्धी जमीन नांदगावच्या एका व्यापाऱ्याला विकून गंगापूर रोडला घरासाठी जागा घ्यायची होती. व्यापारी होता हुशार. बहिणीची हक्कसोड केल्याशिवाय जमिनीला हात लावणार नाही म्हणाला. हक्कसोड म्हणजे बहिणीनं लिहून द्यायचं की माझा काही हक्क नाही, आणि भावांनी तिला साडीचोळी करायची. आमच्याकडे सगळ्या बायका असंच करत आल्या आहेत. माझ्या आत्यांनी केलं, सासूनं केलं, नणंदेनं तर हसत हसत केलं आणि साडीचा रंग बदलून मागितला.

मीही केलं असतं. खोटं कशाला बोलू? त्यानं नुसतं 'लंके, सही कर' म्हटलं असतं तर मी हात पुसून सही केली असती. पण दादाला नुसतं काही मागताच येत नाही, त्याला समजावून सांगायचं असतं. चहा पिता पिता म्हणाला की कायद्यानं तसा तुझा हिस्सा निघतो, पण तो अगदीच किरकोळ आहे. जमीन वडिलोपार्जित. आधी वडील आणि आम्ही दोघे भाऊ अशा तीन वाटण्या धरायच्या. त्यातल्या वडिलांच्या वाटणीत पुन्हा आपण तिघं भावंडं. मग कप खाली ठेवून तो जे बोलला ते मी अजून विसरलेली नाही.

"म्हणजे तुझा हिस्सा हा अपूर्णांकाचा अपूर्णांक आहे. तुला ते समजायचं नाही."

आमचे मालक खाटेवर बसून रेडिओची सुई फिरवत होते. कारखान्यात तीन माणसांशी भांडून आलेला माणूस, पण मेहुण्यासमोर गोगलगाय. 'तुझं माहेर, तू बघ,' एवढं म्हणून त्यांनी बातम्या लावल्या. मी कागदाकडे बघितलं, पेढ्यांकडे बघितलं. घरात माझ्या नावाचं काय आहे असा विचार सहज डोक्यात आला. रेशनकार्ड मालकांच्या नावाचं. खोली मालकांच्या नावाची. लग्नात आलेल्या भांड्यांवरसुद्धा देणाऱ्यांची नावं कोरलेली, हंड्यावर तर चक्क दादाचं. आणि जे काही किरकोळ माझं निघत होतं ते मला समजायचं नाही म्हणून सोडायचं.

"मग शिकव की," मी म्हणाले.

दादा हसला. मला वाटलं, नाही म्हणेल. पण त्याच्या दारावर पाटी होती ना! भीती घालवून मिळेल म्हणणाऱ्यानं सख्ख्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? शिवाय बातम्या संपवून मालक ऐकत होते, शेजारच्या चिमणाबाई दारात उभ्या होत्या. "दोन रविवारांत शिकवतो," तो म्हणाला. "समजलं की सही करशील ना?"

"समजलं की काय करायचं ते सांगेन," मी म्हणाले. त्यानं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. दादा समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकत नाही, ही त्याची जुनी खोड. त्याच्या वर्गात पोरं मान डोलवतात ती समजलं म्हणून नाही, सुटका व्हावी म्हणून.

तर असा माझा अभ्यास सुरू झाला. पुढच्या रविवारी दादा खडू घेऊन आला. माझ्या लेकीची, चांगुणाची, पाटी घेतली आणि चाळीस पोरं समोर बसली असावीत अशा आवाजात सुरू झाला. रेघेच्या वर असतो तो अंश. रेघेच्या खाली असतो तो छेद. म्हण. मी म्हटलं. अंश वर, छेद खाली. पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं. छेद म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाला, ते नंतर, आधी पाठ कर. मग त्यानं एकावर एक असे आकडे मांडून काही गुणलं, काही उलटं केलं, काही काटलं, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आता टाळ्या वाजवाव्यात. माझ्या डोक्यात काडीचंही शिरलं नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणाला, सोपं करून सांगतो, भाकरी आण.

भाकरी आणली. त्यानं तिचे तीन तुकडे केले. हा वडिलांचा, हा माझा, हा बहिरूचा. स्वतःचा आणि बहिरूचा तुकडा त्यानं बोलता बोलता खाऊन टाकला, वर ठेचा मागितला. मग वडिलांच्या तुकड्याचे तीन तुकडे करायला गेला तर भाकरीचा चुरा झाला. "हे असं," म्हणाला. मी म्हटलं, काय असं? तो म्हणाला, विचार कर, आणि बस पकडायला निघून गेला. भाकरी त्याच्या पोटात आणि चुरा माझ्या वाट्याला, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

पण मी विचार केला. कोणी तुला समजायचं नाही म्हटलं की मला झोप येत नाही, हा माझा स्वभाव. मला पाव कळत होता, अर्धा कळत होता, पाऊण, सव्वा, दीड, अडीच सगळं कळत होतं. लहानपणी वडील पावकी-निमकी म्हणायचे ती ऐकून अर्धी पाठ होती. पण ह्या तिसऱ्यातल्या तिसऱ्याला आपल्या बोलण्यात नावच नाही. पावशेर मागतो, अर्धा शेर मागतो, असला हिस्सा दुकानात कोणी मागत नाही. ज्याला नाव नाही ते आपलं आहे म्हणायचं तरी कसं, असं मला वाटायला लागलं. दादाला बहुतेक तेच हवं होतं.

कळलं ते लुगडं घडी करताना. धुऊन वाळलेलं नऊवारी मी दोरीवरून काढलं आणि हाताला सवय असते तशी लांबीच्या तीन पदरी घडी घातली. ती घडी पुन्हा तिपदरी केली आणि हात थांबला. नऊ वार लुगडं. पहिल्या घडीत तीन तीन वार. दुसऱ्या घडीत एक एक वार. माझ्या हातात वरच्या वर एक वार होता, तेवढाच माझा, आणि त्याच्याखाली आठ. लुगडं नऊ वार, जमीन नऊ एकर. म्हणजे माझा एक एकर. विहिरीच्या पाण्यानं भिजणारा अख्खा एक एकर, आणि दादा त्याला किरकोळ म्हणत होता. वर त्याच्या बदल्यात मला नऊ वारांचं लुगडं देणार होता. मी ते लुगडं तसंच मांडीवर घेऊन बसले आणि मला इतका राग आला की भात करपला.

दुसरीही एक गोष्ट तेव्हाच कळली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. ज्या दिवशी मी समजलं म्हणेन त्या दिवशी मला हो किंवा नाही म्हणावं लागेल. हो म्हटलं की एकर गेला. नाही म्हटलं की माहेर गेलं. नाही म्हटलेल्या बाया मी पाहिल्या होत्या. येवल्याच्या सखुबाईनं भावाकडे हिस्सा मागितला तर तिच्या पोराच्या लग्नात मामाच्या पाटावर परका माणूस बसवावा लागला होता. तेव्हा दोन्ही टाळायचं तर एकच वाट उरली होती. समजायचंच नाही.

पुढच्या रविवारी दादानं पाटीवर दोन अपूर्णांक लिहिले आणि मोठा कुठला म्हणून विचारलं. एकाच्या खाली तीन, एकाच्या खाली नऊ. मी म्हटलं, नऊवाला मोठा. "का?" म्हणाला. "नऊ मोठे असतात ना तीनापेक्षा," मी म्हणाले. दादानं कपाळाला हात लावला. त्यानं मग गुणाकार मांडला, तिसरा गुणिले तिसरा, उत्तर नववा. मी विचारलं, गुणलं की वाढायला पाहिजे, हे कमी कसं झालं? हा प्रश्न मात्र मी खरा विचारला होता. नियमच आहे म्हणाला. असेल नियम. गुणूनसुद्धा जे कमी होतं ते नेमकं बाईच्याच वाट्याला यावं, हाही नियमच असेल.

त्यानंतर तो येत राहिला आणि मी ढ होत गेले. एकदा त्यानं पेरू कापला, एकदा कागदाच्या पट्ट्या आणल्या, एकदा तर शाळेतून लाकडी चकत्यांची पेटी उचलून आणली. मी अंश खाली लिहायची, छेद वर. बेरीज करायला सांगितली की वरचे वर, खालचे खाली मिळवून मोकळी व्हायची. आठवडाभर शिकवून घेतलेलं रविवारी स्वच्छ विसरायची. मजा येत होती असं वाटेल कोणाला. नव्हती येत. कळत असताना चुकीचं लिहिताना हात जड व्हायचा. एकदा तर त्यानं मुद्दाम चुकवलेलं उदाहरण मी नकळत बरोबर करून बसले आणि मग पदरानं पुसलं.

आणि दादा गावभर सांगत सुटला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, शिकवणीला येणाऱ्या पोरांना सांगितलं, वहिनीनं भिशीत सांगितलं. आमच्या लंकेचं डोकं म्हणजे नुसता मुरूम. चिमणाबाईच्या पोरानं मला एकदा नळावर विचारलं, मावशी, पाव म्हणजे किती गं? मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. चीड पोराची नव्हती. ज्या माणसाला एक बाई शिकवता येत नव्हती तो तिच्याच डोक्याची टिंगल करत होता आणि लोक त्यालाच हुशार म्हणत होते.

इकडे व्यापारी घाई करत होता. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबतो म्हणाला, नाहीतर मला दुसरीकडे मिळतेय. दादाची रात्रीची झोप उडाली, तोंडाला चव राहिली नाही, पण शहाण्यानं 'राहू दे समजायचं, सही कर' असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझी पंचाईत होती. पण तो जमिनीसाठी जितका हपापलेला होता त्याहून जास्त त्या पाटीसाठी होता. मला समजल्याशिवाय मी सही केली असती तर तो हरल्यासारखं झालं असतं.

आखाजीला आमच्या भागात लेकी माहेरी जातात. आम्हीही गेलो, मी आणि दादा, एकाच एस.टी.नं. दादा गावात उतरल्यावर म्हणाला, "आज शेवटचं. शेतातच दाखवतो. आंधळ्याला दिसेल असं दाखवतो."

उन्हाळ्याचं शेत मोकळं पडलं होतं. आमचं शेत लांबट आहे, रस्त्यापासून नाल्यापर्यंत सरळ पट्टा, आणि विहीर रस्त्याच्या अंगाला. विहिरीपाशी कडुलिंबाखाली नेहमीसारखी माणसं टेकली होती. गावातले जुने जाणते काळूबाबा होते, भाऊबंदांतले चौघं-पाच होते, सणाला आलेल्या दोन आत्या होत्या. गिऱ्हाईक जमलेलं बघितलं की दादाला स्फुरण चढतं. त्यानं बहिरूला दोर आणायला सांगितला आणि विहिरीच्या कडेला पडलेले चार दगड उचलून घेतले.

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. आमच्याकडे वाटणी आधी कागदावर होत नाही, शेतात होते. पीक निघाल्यावर मोकळ्या रानात, पाच माणसांसमोर, घरातला थोरला आपल्या हातानं दगड ठेवतो आणि बघणारे अनवाणी उभे राहतात. ठेवलेला दगड ज्यानं ठेवला त्यानं परत उचलायचा नसतो. तलाठी मागाहून येतो आणि दगड बघून लिहून घेतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दादालाही माहीत होतं. पण त्याचं आयुष्य फळ्यापुढे गेलेलं. फळ्यावर लिहिलेलं पुसता येतं आणि तास संपला की सगळं कोरं होतं, अशी त्याच्या हाताला सवय.

दादानं दोर टाकून पट्ट्याचे तीन भाग मोजले. दोन दगड दोन ठिकाणी ठेवले आणि लांबून ओरडून सांगितलं, नाल्याकडचा माझा, मधला बहिरूचा, हा विहिरीकडचा वडिलांचा. विहिरीकडचा का, तर आम्ही सगळे तिथे उभे होतो आणि त्याला सगळ्यांना दिसायला हवं होतं. पहिला दगड ठेवला तेव्हाच काळूबाबांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. ते बघून भाऊबंदांनीही काढल्या. दादाच्या पायात बूट होते आणि त्याचं लक्ष माझ्याकडे होतं.

मग तो वडिलांच्या भागात आला. तिथेही दोर टाकून तीन सारखे तुकडे केले, दोन दगड ठेवले. बहिरू दोराचं दुसरं टोक धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "दादा, हितं कशाला? लोक उभं हायेत." दादा त्याच्यावर खेकसला की उदाहरण आहे रे, तू दोर धर. आणि रस्त्यालगतच्या, विहिरीला टेकलेल्या तुकड्यात उभा राहून, घामानं निथळत, त्यानं मला हाक मारली.

"हे बघ लंके. नऊ एकरांतला हा एक. हा तुकडा तुझा. एवढाच, पण हा तुझा. आता तरी समजलं?"

मी चपला काढल्या आणि त्या तुकड्यात जाऊन उभी राहिले. ढेकळं तापली होती, पाय भाजत होते.

"समजलं," मी म्हणाले.

दादाच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी आयुष्यात विसरणार नाही. त्या क्षणी तो जमीन विसरला होता, व्यापारी विसरला होता. चौफेर बघून म्हणाला, बघितलंत? माझ्या हाताखालून कोणी अडून राहत नाही. मग त्यानं खिशातून कागद आणि पेन काढलं.

मी कागदाला हात लावला नाही. काळूबाबांना विचारलं, "बाबा, दगड कोणी ठिवलं?"

"थोरल्यानं," काळूबाबा म्हणाले. "समद्यांदेखत."

दादाला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो हसला, अरे हे शिकवायला होतं, असं म्हणत दगड उचलायला वाकला. काळूबाबांनी नुसती काठी आडवी धरली. "भिमाजी, त्यो आता तू उचलायचा नाय. तुझ्या बापानं बी त्याच्या भनीला असा दिला नव्हता, पर तू दिलास. लय चांगलं केलं." त्यात टोमणा होता की कौतुक होतं, ते त्यांचं त्यांना माहीत. एक आत्या मात्र डोळ्याला पदर लावून उगाच विहिरीत बघत उभी राहिली.

दादा सरळ झाला आणि माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. "तुला कधीपासून समजत होतं?"

"लुगडं घडी केलं तेव्हापासून. तू भाकरी खाल्लीस ना, त्याच आठवड्यात."

त्याला एकराचं वाईट वाटलं नसेल असं नाही. पण चेहरा पडला तो एवढ्या रविवारांसाठी. त्या चकत्यांसाठी, पेरूसाठी, शिक्षकांच्या खोलीत पिकवलेल्या हशासाठी. मग तो संतापला. भर उन्हात, सगळ्यांसमोर, बोट रोखून म्हणाला, "आजपासून तुला माहेर नाही. समजलं?"

हे येणार हे मला माहीत होतं. ह्याच्यासाठीच तर मी इतके दिवस ढ होऊन बसले होते. तरी लागलंच. पण एकदा शिकलेलं माणूस विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

"किती नाही ते नीट सांग, दादा," मी म्हणाले. "भाऊ दोन. तू गेलास म्हणजे अर्धं गेलं. उरलेल्या अर्ध्याचं तुला नाही बोलता येत. ते ह्याला विचारावं लागेल."

सगळ्यांनी बहिरूकडे बघितलं. बहिरू दोराचं टोक हाताला गुंडाळत उभा होता. तो काही देवमाणूस नाही. दादानं जमीन विकली तर शेजारी व्यापारी येणार आणि विहिरीच्या पाण्यावर बसणार, हे त्याला कळत होतं. बहीण शेजारी आली तर तिचा एकर कसायला आपल्याकडेच येईल, हेही त्याच्या डोक्यात आलं असेल. आलं असलं तर बरंच झालं, माझं काही म्हणणं नाही. पण इकडे माझ्या तळपायांची कातडी निघायची वेळ आली.

मग त्यानं दोर खाली टाकला, विहिरीच्या कडेची पहार घेतली आणि माझ्याजवळ आला. दादाकडे त्यानं बघितलं नाही.

"आक्का, जरा सरक," तो म्हणाला आणि दगडाशेजारी खड्डा घ्यायला लागला. "दगूड हातभर खाली गेला पायजे. नुसता वर ठिवला तर नांगराला लागून हलतो."